सतरावा नग

टायरवाल्याने पंक्चर काढलेलं चाक माझ्यासमोर उभं केलं, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "घरी कोण आहे बसवायला?" मी म्हणाले, "आहे ना." त्याला ते पुरेसं वाटलं नाही. मागच्या चाकाला दोन माणसं लागतात, एकाने चाक उचलून धरायचं आणि दुसऱ्याने एक्सल सरकवायचा, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मीच येऊन बसवून देतो, असं तो भल्या मनाने सांगत राहिला. मी नको म्हणाले आणि चाक फुटपाथवरून ढकलत निघाले. रविवारची दुपार, दुकानं निम्मी बंद, समोरून येणारी माणसं चाकाला वाट देत होती आणि मग माझ्याकडे बघत होती. त्रेचाळीस वर्षांची बाई एकटं चाक घेऊन चालली आहे म्हटल्यावर बघणारच. दुसऱ्या वळणावर मला कळलं की टायरवाल्याचा प्रश्न मला लागला तो प्रश्नामुळे नाही, आवाजामुळे. शुक्रवारी आमच्या हॉस्पिटलची मेट्रन याच आवाजात बोलली होती. तुझ्या भल्यासाठी सांगते, ड्रेसिंगच्या खोलीत ये, तिथे शांत असतं, कुणी ओरडत नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत फोन कर, सोमवारच्या ड्यूट्या लावायच्या आहेत. म्हणजे आजच. चार वाजत आले होते.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. माझं काम सांगायला सोपं आहे: डॉक्टर मागतील ते हातात द्यायचं, आणि जे जे आत जातं ते ते बाहेर आलं की नाही ते मोजायचं. कात्र्या, चिमटे, सुया, आणि मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे चौकोन. पोट उघडण्याआधी मोजायचं आणि शिवण्याआधी मोजायचं, दोन्ही वेळा मोठ्याने, आणि दुसरी नर्स भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहिते. आकडे जुळले की मी "बरोबर" म्हणते, कागदावर सही करते आणि मगच डॉक्टर टाके घालतात. एकोणीस वर्षांत हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल ते मात्र मोजलेलं नाही. गुरुवारी तो तोंडातून निघाला नाही. फळ्यावर वीस होते आणि माझ्या पुढ्यात एकोणीस. परत मोजले, एकोणीस. डॉक्टर म्हणाले, मॉप पाच-पाचच्या गठ्ठ्यात येतात, एका गठ्ठ्यात चारच असतील, कंपनीवाले काय देव आहेत का. मी म्हणाले, सुरुवातीला मी वीस मोजलेत. ते म्हणाले, फळ्यावरचे वीस तुम्ही सांगितले म्हणून लिहिलेत ना, फळ्याने स्वतः मोजले नाहीत. यावर मास्कच्या आड सगळे हसले. मास्क लावलेलं माणूस हसलं की डोळ्यांच्या कडांना कळतं, एकोणीस वर्षांत तेवढं येतं. मी म्हणाले, मी सही करणार नाही. मग चाळीस मिनिटं गेली. डॉक्टरांनी पुन्हा हात घालून बघितलं, एक्स-रेचं मशीन आणलं, कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या, चपलांचे तळवे बघितले. मॉपमध्ये एक निळा धागा विणलेला असतो, तो एक्स-रेमध्ये दिसतो. काही दिसलं नाही. विसावा मॉप पोटात नव्हता, जमिनीवर नव्हता, कुठेच नव्हता. शेवटी डॉक्टर टाके घालता घालता शांतपणे म्हणाले की सिस्टरांना मोजायला शिकवणारी शाळा अजून चालू आहे का बघा. शुक्रवारी सकाळी मी त्या पेशंट बाईला वॉर्डात बघून आले. तिच्या ओठांना ओला बोळा लावला. चाळीस मिनिटं जास्त झोपवून ठेवलं होतं तिला, तिला त्याचा पत्ताही नव्हता, ती माझा हात धरून थँक्यू म्हणाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेट्रनने तीन दिवस विश्रांती घे म्हणून सांगितलं. विश्रांती म्हणजे काय ते मला येत नाही, आणि शनिवारी सकाळी मोटरसायकलचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलेलं दिसलं तेव्हा मला बरंच वाटलं. हाताला काम मिळालं.

आमचं घर तळमजल्यावर, मागे सिमेंटचा एक पट्टा आहे, त्यावर स्वयंपाकघराची खिडकी उघडते. गाडी तिथेच उभी असते. खिडकीत आई असते. शनिवारी मी गाडी मेन स्टँडवर घेतली, शेजारी जुनी चादर अंथरली आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडून चाक सोडवायला बसले. निघेल तो नग डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा, हे मी ठरवून केलं नाही, ते आपोआप झालं. ब्रेकचा नट, एक. स्प्रिंग, दोन. आई खिडकीतून म्हणाली, कुणाला सांगतेयस? मी म्हणाले, कुणाला नाही. म्हणाली, मग मनात म्हण, लोकांना वाटेल मी बहिरी आहे. एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा लांब दांडा, नववा आला. चाक निघालं तसे दोन बुश, म्हणजे एक्सलवर बसणाऱ्या आखूड नळ्या, ब्रेकची गोल प्लेट आणि चाकाच्या पोटातले रबराचे चार ठोकळे. या सगळ्यांत एक पातळ वॉशर होता, एका नाण्याएवढा, ब्रेकच्या प्लेटच्या मागे आत दडलेला. तो तेरावा. एकूण सतरा. लिहून ठेवायला हवे होते, पण तिथे फळा नव्हता आणि लिहिणारी नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर मला स्वतःची परीक्षा घ्यायची होती. चोवीस तास सतरा हा आकडा डोक्यात राहतो की नाही, एवढंच बघायचं होतं. कुणाला कळणार नव्हतं, पण मला कळणार होतं.

लहानपणी आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि जिन्यातला दिवा कधीच लागायचा नाही. संध्याकाळी खेळून आले की अंधारात पायऱ्या मोजत चढायची मी. एका मजल्याला अठरा. अठरावी झाली की पाय हवेत टाकायचा नाही, सपाट टाकायचा. इतर मुलं भिंतीला हात लावत, रडत, आयांना हाका मारत वर यायची, मी भराभर यायची. आकडा माहीत असला की अंधार फारसा काही करू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं. थिएटरमध्ये नवी लागले तेव्हा मला शिकवणारी मोठी सिस्टर होती, जाड चष्म्याची, कडक. तिने मला पहिल्या दिवशी रिकाम्या थिएटरमध्ये उभं करून शंभर सुया मोजायला लावल्या, मग त्यातली एक गुपचूप काढून पुन्हा मोजायला लावल्या. मी नव्व्याण्णव म्हणाले. ती म्हणाली, नीट बघ, शंभर आहेत. मी पुन्हा मोजल्या आणि नव्व्याण्णव म्हणाले. ती रागावली, आवाज चढवला, मुलगी अगदीच मठ्ठ दिसते म्हणाली. मी रडत रडत नव्व्याण्णव म्हणाले. मग तिने मुठीतली सुई माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, आता तू इथली. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले. लग्न केलं नाही, का नाही याची आईकडे तीन कारणं आहेत आणि माझ्याकडे एकही नाही, पण त्या सुईबद्दल बोलायला लागले की आई म्हणते, बघा, हेच ते पहिलं कारण.

तर चाक. घरी आणल्यावर सगळ्यात आधी रबराचे चार ठोकळे चाकाच्या पोटात दाबून बसवले, एक ते चार. त्यांवर चेनचं दातेरी चक्र. मग ब्रेकची प्लेट हातात घेतली. एवढ्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली उतरले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, आता घरांची, झाडांची, माणसांची रेघ कुठे चुकली ते सांगत फिरतात. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की हे दोघांचं काम आहे. मी म्हणाले, माहीत आहे. ते म्हणाले, मी धरतो. मी म्हणाले, तुमची कंबर. ते म्हणाले, कंबर आहे ती वाकण्यासाठीच. मी हसले आणि नको म्हणाले, आणि ते उभे राहून त्यांच्या शाळेतल्या शिपायाची सायकल कशी मोडली ते सांगू लागले, मी हं हं करत हातातलं काम करत होते. माझी पद्धत तयार होती. आईची भाजी चिरायची लाकडी फळी मी आधीच पळवली होती. ती टायरखाली सरकवली, जमिनीवर फतकल मारून चाकाच्या मागे बसले, दोन्ही पाय चाकाच्या दोन्ही बाजूंना, उजव्या पायाचा चवडा फळीखाली. चवडा उचलला की चाक बोटभर वर येतं, सोडला की खाली. डाव्या हाताने बुश जागेवर धरायचा, उजव्या हाताने एक्सल. पहिल्यांदा बुश पडला. दुसऱ्यांदा चेन निसटली. तिसऱ्यांदा चवड्यात पेटका आला आणि तोंडातून जे निघालं ते ऐकून मास्तर शिपायाची सायकल अर्धवट सोडून वर गेले. आई खिडकीतून म्हणाली, त्या फळीवर उद्या भाजी चिरायची आहे मला. चौथ्यांदा पाय आणि हात एकमेकांचं ऐकू लागले. चवडा केसभर वर, अजून केसभर, आणि एक्सल या बाजूने शिरून त्या बाजूने गुपचूप बाहेर आला, जणू त्याला कधी अडचण नव्हतीच. मी तिथेच बसून त्याच्या चकचकीत टोकाकडे बघत राहिले. एकटीने. दोघांचं काम. डॉक्टरांनी अवघड गाठ सोडवली की ते क्षणभर हात वर धरून थांबतात, कुणी बघतंय का बघतात, त्यांच्या त्या सवयीला मी मनात नावं ठेवायची. मी हात वर धरले होते.

मग नट आवळले, ब्रेकची दांडी लावली, दुमडायची पिन नवी घातली, चेन दोन बोटं हलेल इतकी ठेवली. चाक हाताने फिरवलं. सरळ फिरलं, न घासता, न डुलता. ब्रेक दाबला, थांबलं. मास्तर गॅलरीतून बघत होते, त्यांनी टाळी वाजवली. आणि मी चादरीकडे बघितलं. चादर रिकामी होती, आणि माझ्या तोंडात सोळा होते. बसवताना एकेक म्हणत आले होते, शेवटची पिन सोळावी. सतरावा नग म्हटलाच नव्हता. मी मागून पुढे आठवत गेले आणि पातळ वॉशरपाशी अडले. तो हातात घेतल्याचं आठवत नव्हतं. चादर झटकली. गाडीखाली, कुंडीमागे, मोरीच्या जाळीत, माझ्या केसांत, फळीच्या खाली बघितलं. नव्हता. म्हणजे एक तर तो आत होता, नाहीतर हरवला होता, नाहीतर काल सतरा नव्हतेच. बाहेरून बघून कळायला मार्ग नव्हता, तो दिसतच नाही, प्लेटच्या मागे आत असतो. नसला तरी आज चाक फिरेल, उद्याही फिरेल, महिन्याभराने प्लेट घासायला लागेल, आणि मग कधीतरी उतारावर. मास्तर वरून म्हणाले, "चाक फिरतंय ना? मग झालं."

खाली बसले. खरी भीती वॉशरची नव्हती. सतरा खरे की सोळा, हे मला सांगता येत नव्हतं, ही ती भीती होती. काल मी सतरा म्हणाले होते हे मला पक्कं आठवत होतं, पण गुरुवारी वीस म्हणाले तेही पक्कंच आठवत होतं. आकडा आठवणं आणि आकडा खरा असणं यांत फट असू शकते हे कळायला मला त्रेचाळीस वर्षं लागली होती, आणि त्या फटीत बसून मी आता काय करणार होते? पाच वाजून गेले होते. मेट्रनला फोन करायचा होता. ड्रेसिंगच्या खोलीत खिडकी आहे, खिडकीतून झाड दिसतं, तिथे पट्ट्या कापायच्या आणि जखमा पुसायच्या, कुणाच्या आत काही राहत नाही. तिथे जायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायच्या आधी माझा हात पान्याकडे गेला होता. मी नट सोडवायला सुरुवात केली. मास्तर म्हणाले, अहो, हे काय? मी म्हणाले, एक कमी आहे. ते म्हणाले, पण फिरतंय की. आईने खिडकीतून त्यांना सांगितलं की मास्तर, तुम्ही चहा घ्या, ती आता कुणाचं ऐकायची नाही.

सगळं पुन्हा काढलं. पिन, नट, दांडी, एक्सल. चाक फळीवर उतरवलं, ब्रेकची प्लेट ओढून काढली. वॉशर आत होता. ग्रीसमध्ये नीट बसलेला, जिथे असायला हवा तिथेच, आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. मीच घातला होता. मास्तर शिपायाची सायकल सांगत होते तेव्हा, हं हं म्हणता म्हणता, हाताने आपलं काम केलं होतं आणि तोंड आकडा म्हणायला विसरलं होतं. म्हणजे मोजणी चुकली होती. माझी. मी त्या ठशाकडे बघत राहिले आणि तीन दिवस ज्या विचाराला मी दारातूनच परत पाठवत होते तो आत येऊन बसला: गुरुवारीही कदाचित असंच झालं असेल. गठ्ठ्यात चारच असतील. डॉक्टर बरोबर असतील. वाटलं होतं हा विचार आला की मी कोसळेन. कोसळले नाही. उलट काहीतरी मोकळं झालं आणि छाती भरून आली, आणि ते दुःख नव्हतं, ती सरळ सरळ ऐट होती. कारण आता मला माहीत होतं की चुकण्याची शक्यता असतानाही मी उघडते. गुरुवारी मी स्वतःला बरोबर समजून टाके थांबवले होते, त्यात काय मोठंसं, तेवढं कुणीही करील. आज मला खात्री नव्हती, कुणी मरणार नव्हतं, वर टाळी वाजून गेली होती, आणि तरी मी उघडलं. त्या बाईला रविवारी दुपारी पाना घेऊन कुणी उघडू शकलं नसतं. तिच्यासाठी जी काही खात्री व्हायची ती तिथेच, त्या चाळीस मिनिटांत व्हायची होती. मोठ्या सिस्टरने मला शंभर सुयांत एवढंच शिकवलं होतं असं मी समजत होते, की आपला आकडा सोडायचा नाही. पण तिने मला तीनदा मोजायला लावलं होतं, हे मी विसरले होते.

दुसऱ्यांदा चाक बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. चवड्याला आता सगळं पाठ होतं. सतरा नग सतरा वेळा मोठ्याने म्हणाले, मास्तरांनाही ऐकू जावेत अशा बेताने. सतरावा म्हटला तेव्हा आईने खिडकीतून हुंकार दिला. मग मी आईला फोन लावायला सांगितला, माझे हात कोपरापर्यंत काळे होते. तिने हात लांब करून खिडकीच्या गजांतून फोन माझ्या कानाला धरला. मेट्रनने मी बोलायच्या आधीच सांगितलं की ड्रेसिंगच्या खोलीत माझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

"ते पुसा," मी म्हणाले. "मी थिएटरमध्येच येणार."

"नीट विचार केलास?"

"केला. गुरुवारी कदाचित माझीच मोजणी चुकली असेल."

हे तिला अपेक्षित नसावं. तिला वाटलं असणार मी भांडेन, माझेच वीस खरे म्हणून हट्ट धरेन. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "हे कबूल करतेस तर मग ड्रेसिंगला काय हरकत आहे?"

"कबूल करते म्हणूनच. पुढच्या वेळी एक कमी आला तर मी पुन्हा थांबवीन. खात्री असली तरी आणि नसली तरी. डॉक्टरांना हे सांगा आणि त्यांना चालणार असेल तर माझं नाव लिहा."

"चाळीस मिनिटं गेली होती त्या दिवशी."

"पुढच्या वेळीही जातील."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. आईचा हात गजांत अवघडला असावा, फोन कानावरून घसरला, तिने पुन्हा नीट धरला. मेट्रन म्हणाली, उद्या सकाळी सात वाजताची केस आहे, त्याच डॉक्टरांची आहे, त्यांच्याशी ती स्वतः बोलेल, साडेसहाला ये. आणि मग, फोन ठेवता ठेवता, पेनने लिहितेय म्हणाली.

आईने फोन आत घेतला. मी नळाखाली हात धुतले, काळं पाणी मोरीकडे गेलं, नखांतलं नखांतच राहिलं. चादर झटकून घडी घातली. फळी खिडकीत ठेवली तर ती तिथून कुणी उचलली नाही. मग मागचं दार उघडलं आणि आई बाहेर आली, पायांत बाहेरच्या चपला, चष्मा घरात काढून ठेवलेला. बहात्तर वर्षांची आहे ती. तिने सगळं ऐकलं होतं, मोजणी चुकली म्हणाले तेही. गाडीपाशी येऊन तिने मागच्या सीटवर हात ठेवून बघितला, आणि म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत ने मला."

मी गाडी स्टँडवरून उतरवून तिच्यावर बसले आणि म्हणाले, आधी मी एकटी चालवून बघते. ती म्हणाली, कशाला. आणि माझ्या खांद्याचा आधार घेत, कण्हत, एक पाय पलीकडे टाकत ती बसली. मागचं चाक तिच्या वजनाने जरासं दबलं. मी किक मारली.